जुना डाग, जबाबदारी नाही

कपडा हाती आला की तो प्रथम कॉलरपासून पाहावयाचा, मग खांदे, मग काखा, मग बाह्यांची टोके, मग खिसे, मग खालची किनार आणि सर्वांत शेवटी अस्तर, हा आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचा शिरस्ता आहे. तो आत्याने घालून दिला. जो डाग कपड्यावर आधीपासून आहे तो गिऱ्हाइकाच्या समक्ष मोठ्याने वाचावयाचा व पावतीवर लिहावयाचा, म्हणजे पुढे 'हा तुम्हीच पाडलात' असा वाद उपस्थित होत नाही. आमच्या पावतीच्या तळाशी छापलेलेच आहे : जुना डाग, जबाबदारी नाही. मात्र असे लिहून झाल्यावर कपडा परत केला, असे आमच्या दुकानात आजवर घडलेले नाही. डाग लिहावयाचा आणि कपडा घ्यावयाचा, या दोन गोष्टी आमच्याकडे एका दमात होतात.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. आई आम्हा दोघा भावांना लहान ठेवून गेली, तेव्हा आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली ती परत गेलीच नाही. यथावकाश वडीलही गेले. दुकान तिने सांभाळले, आम्हाला तिने सांभाळले, आणि आज सत्तरी उलटल्यावरही काउंटरवर तीच उभी असते. मी, म्हणजे घरातला 'मोठा', आतल्या खोलीत डाग काढतो आणि आत्याने हाक मारली की काउंटरवर येऊन पावती लिहितो. धाकटा भाऊ हिशेब आणि पोहोचवणी पाहतो. माझी पत्नी आणि धाकट्याची बायको, जिला घरात सर्वजण नुसते 'धाकटी' म्हणतात, आळीपाळीने इस्त्री करतात.

विम्याचा एजंट हे आमचे जुने गिऱ्हाईक. ऋतू कोणताही असो, त्याच्या गळ्यातील टाय सुटत नसे, म्हणून आम्ही आपसांत त्याला टायवाला म्हणत असू. त्या दिवशी तो कोट घेऊन आला तेव्हा काउंटरपाशी आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती.

"कॉलर," आत्या म्हणाली, "तेलकट. केसांना चोपडता ते."

"आत्या, जरा हळू."

"हळू कशाला? लिही रे मोठ्या. उजवी काख, घामाचा पिवळा. डावी, त्याच्याहून जास्त. खिशाच्या तोंडाशी रश्शाचा थेंब, वाळलेला."

"अहो, तो पार्टीत सांडला."

"पार्टीत सांडो नाहीतर मयताला, जुना आहे. अस्तर उसवलंय. टाचून देऊ का तसंच राहू दे?"

दोन्ही गिऱ्हाइके खाली मान घालून हसू दाबीत होती. टायवाल्याचे कान तांबडे झाले. तेवढ्यात आत्याने उजव्या बरगडीखाली हात दाबला आणि दुसऱ्या हाताने काउंटरची कड धरली. तिचा श्वास क्षणभर अडकला.

"काय होतंय?" टायवाल्याने विचारले.

"पित्ताशयात खडे आहेत," धाकटा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, काढून टाका. एखादा अडकला तर पळापळ होईल."

"विमा?"

"नाही."

टायवाल्याच्या चेहऱ्यावर तत्काळ कळवळा पसरला. तो कळवळा मी निरखून पाहिला. कपड्यावरचा डाग कशाचा आहे हे ओळखण्यात माझी हयात गेली. त्या कळवळ्याच्या कडेला जो ओलावा होता तो आनंदाचा होता.

दुसऱ्या दिवशी वर्दळ ओसरल्यावर तो हजर झाला. इस्त्रीच्या मोठ्या टेबलावरचे कापड अद्याप कोमट होते. त्यावर त्याने तीन माहितीपत्रके मांडली : एक हिरवे, एक निळे, एक सोनेरी. तिन्हींच्या मुखपृष्ठावर छायाचित्र एकच. हिरवळीवर बसलेले एक कुटुंब आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या केसांची एक म्हातारी तोंड भरून हसत असलेली.

"ही बाई कुठल्या प्लॅनमध्ये आहे?" आत्याने विचारले.

"ती मॉडेल आहे, आत्या."

"मग ठीक. दात बघ कसे आहेत."

तुलना सुरू झाली. हिरवी योजना सर्वांत स्वस्त. परंतु तिच्यात इस्पितळातील खोलीच्या भाड्याला मर्यादा होती, आणि ती मर्यादा ओलांडली की केवळ भाडेच नव्हे, तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जाणार होता. शिवाय साठीपुढच्या माणसाच्या बिलाचा पाचवा हिस्सा घरच्यांनी भरावयाचा. निळीत भाड्याची अट नव्हती. पण खडे, हर्निया, मोतीबिंदू आणि गुडघे यांच्यासाठी दोन वर्षे थांबावयाचे, आणि जो आजार आधीच अंगात आहे त्यासाठी तीन. सोनेरी योजना सर्वांत महाग. तिच्यात पाचवा हिस्सा नव्हता, खोली हवी ती मिळणार होती आणि थांबण्याचा काळ एकच वर्ष होता.

"म्हणजे म्हातारी माणसं ज्या कारणांनी दवाखान्यात जातात, नेमकी तीच बंद," माझी पत्नी म्हणाली.

"बंद नाही हो वहिनी, प्रतीक्षेत."

"जुना डाग, जबाबदारी नाही," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, शेठ! लोकांना समजावता समजावता माझा घसा बसतो, तुम्हाला एका वाक्यात कळलं."

"आम्ही डाग लिहितो, पण कपडा धुऊन देतो."

तो हसला, जसे एखाद्या लहान मुलाच्या बोलण्याला हसतात. नंतर त्याने घराचा मिळून एकच प्लॅन घेतला तर कसा फायदा होतो ते सांगितले. फक्त एक बाब ध्यानात ठेवावयाची होती : सर्वांचा हप्ता घरातील वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीवरून ठरणार होता.

धाकटीने गणकयंत्र पुढे ओढले. ती वाईट बाई नाही. तिची दोन पोरे वाढत्या वयाची आहेत आणि त्यांच्या पडण्याझडण्याची चिंता तिला रात्रंदिवस असते. परंतु त्या दुपारी तिने जे केले ते मी विसरू शकलेलो नाही. "आत्यांना धरून," असे म्हणून तिने एक आकडा वाचला. "आत्यांना सोडून," असे म्हणून दुसरा वाचला. दुसरा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

टेबलाच्या टोकाशी वाफेची इस्त्री फुसफुसत होती. आत्या अभ्र्यांच्या घड्या घालीत तेथेच उभी होती. तिने कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि तळहाताने घडी दाबली.

"मला सोडा की," ती म्हणाली. "धरायचं कशाला?"

"छे छे, सोडायचं कसं!" टायवाला म्हणाला. "अडचण वेगळीच आहे. आत्या कंपनीच्या कुटुंबात येत नाहीत. कंपनीचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, भाऊ, भावजय, आईवडील. सासूसासरेही चालतात. आत्या नाही."

"सासू चालते?" पत्नी कडाडली. "म्हणजे माझी आई, जी इथे दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी यांच्याशी भांडून निघते, ती या घरातली. आणि आत्या बाहेरची?"

"वहिनी, व्याख्या मी नाही केली."

"मग त्यांची वेगळी पॉलिसी काढा," मी म्हणालो.

"या वयात? त्यांचा एकट्यांचा हप्ता तुमच्या सगळ्यांच्या बरोबरीने जाईल. आणि खडे आहेत म्हटल्यावर आधी घेतील की नाही हाच प्रश्न." त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज उतरवला. "उपाय आहे. यांची आई लहानपणीच गेली ना? मग आत्यांना आई म्हणून लिहा. कोण बघायला येतंय? खडे लिहूच नका. सोनोग्राफीचा कागद फाडा. सोनेरी प्लॅन घ्या, एक वर्ष कसंबसं काढा, कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ नका. वर्ष भरलं की म्हणायचं, काल अचानक दुखायला लागलं."

"आणि मधेच खरोखर दुखलं तर?" मी विचारले.

"दुखू दे हो. दुखल्याचा कागद होता कामा नये."

माझ्या हाताखालून काय काय गेले आहे हे मी सांगत बसत नाही. रक्त, पू, ओकारी, अर्भकांची दुपटी, मृताच्या अंगावरून उतरलेले कपडे, हे सर्व मी धुतले आहे आणि त्यानंतर हात धुऊन सुखाने जेवलो आहे. परंतु कोणत्या पाण्यात भिजवावे म्हणजे असे वाक्य निघेल, ते मला आजही उमगलेले नाही.

"मी असलं काही करणार नाही," मी म्हणालो.

"दादा, तुझं तत्त्व तुझ्यापाशी," धाकटा म्हणाला. "ऑपरेशन रोखीने करायचं तर नव्या बॉयलरसाठी ठेवलेली पुंजी मोडावी लागेल. आणि जुना आज आहे, उद्या नाही. हा मार्ग आत्याच्याच भल्याचा आहे ना?"

"तिच्या भल्याचा आहे तर तिला एक वर्ष दुखू कशाला द्यायचं?"

"मग तू सांग दुसरा मार्ग!"

दुसरा मार्ग मला त्या घटकेला सुचला नाही. धाकट्याने सही केली. टायवाल्याने सांगितले तसे एका रकान्यात 'आई' लिहिले गेले आणि आजारांच्या रकान्यात 'काही नाही' लिहिले गेले. सोनोग्राफीचा कागद धाकटीने फाडला. फाडताना तिने तोंड दुसरीकडे वळवले होते, हे नमूद करणे मला न्यायाचे वाटते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी आत्याला कळ आली. ती काउंटरवरून मागे सरकली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेल्या कोटांच्या रांगेखाली जमिनीवर बसली. मी धावलो. तिचे कपाळ घामाने डबडबले होते, ओठ पांढरे पडले होते. पांढरे कपडे भिजविण्याची बादली मी तिच्यापुढे धरली. तिला हिरवट ओकारी झाली. मी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

धाकटा दारात आडवा उभा राहिला. "दादा, डॉक्टरकडे नको. कागद होईल."

"बाजूला हो."

"अजून पॉलिसी यायची आहे. एवढ्यात कागद झाला तर सगळं मुसळ केरात! थोडा वेळ बघू या ना."

"तू सायकलवरून पडला होतास," मी म्हणालो, "तेव्हा तुला पाठुंगळीला मारून ही धावली होती. तेव्हा हिने थोडा वेळ बघितलं होतं का?"

तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि तरीही तो दारातून हलला नाही. या दोन गोष्टी एका चेहऱ्यावर एकत्र पाहणे फार ओंगळ असते.

"भांडू नका रे," कोटांच्या खालून आत्याचा आवाज आला. "ओसरेल. गरम टॉवेल द्या. आणि मोठ्या, ती बादली आधी धू, नाहीतर शर्टांना वास लागेल."

पत्नीने इस्त्रीखाली टॉवेल तापवून दिला. हळूहळू कळ ओसरली. मी बादली धुतली, पुन्हा धुतली, आणि मग ती बादली पांढऱ्या कपड्यांसाठी वापरण्याचे बंद केले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून दूरध्वनी येणार होता. वयस्कर माणसांशी कंपनी थेट बोलते, अशी पद्धत होती. टायवाल्याने आधीच पढवून ठेवले होते : "आत्यांनी फक्त नाही, नाही, नाही म्हणायचं. नाव विचारलं तर तेवढं सांगायचं." फोन काउंटरवर ठेवून त्याचा आवाज मोठा केला होता. धाकटा आणि धाकटी दोन्ही बाजूंना उभे राहिले.

"नमस्कार मॅडम," पलीकडून एका तरुण स्त्रीचा आवाज आला. "हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आपल्याला आधीपासून कोणता आजार, त्रास किंवा दुखणं आहे का?"

धाकट्याने मान जोरजोराने हलवून दाखवली.

आत्याने काउंटरवरचे पेन सरळ केले. "लिहून घेताय ना?"

"हो मॅडम."

"मग वरून खाली सांगते. आमच्यात तसंच असतं. कॉलर. म्हणजे मान. सकाळी उठल्यावर आखडते. डोळे राहिले, ते कॉलरच्या वर येतात. डाव्यात मोतीबिंदू धरतोय."

"आत्या!" धाकट्याने दात आवळून म्हटले.

"थांब रे, चुकेल. खांदे. उजवा वर जात नाही, तो इस्त्रीने गेला. काखा बऱ्या आहेत. बाह्यांची टोकं. थंडीत बोटं वळत नाहीत. आता खिसे. उजव्या खिशाच्या जागी आत खडे आहेत, तीन. सोनोग्राफी झाली आहे. काल जोरात दुखलं आणि ओकले. कागद पोरांनी फाडला, पण डॉक्टरकडे दुसरा असेल, तो मागवा. खालची किनार. गुडघे, दोन्ही. अस्तर..." येथे ती थांबली. "अस्तराचं मला सांगता येत नाही. ते तुम्हीच उलटून बघा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "मॅडम, आपण अर्जदारांच्या आई ना?"

"आई नव्हे बाई. आत्या. आई गेली तेव्हा याला दात येत होते."

धाकट्याचा हात फोनवर पडला. पण तोवर सर्व सांगून झाले होते. "धन्यवाद मॅडम, आपला दिवस शुभ असो," असे त्या स्त्रीने ठरीव स्वरात म्हटले, आणि मग, बहुधा नियमाबाहेर जाऊन, हळूच म्हटले, "काळजी घ्या हं आत्या."

"काय केलंस हे!" धाकटा ओरडला. "नाही म्हणायचं होतं! एक शब्द! नाही!"

"तिने विचारलं."

"विचारणारच! त्यांचं कामच आहे!"

"मग माझं काम सांगायचं." आत्या त्याच्याकडे खरोखरच आश्चर्याने पाहत होती. "अरे, डाग सांगितला नाही तर उद्या वाद घालतील. आता लिहून घेतलं तिने. वाद मिटला. आता घेतील."

तेव्हा मला उलगडा झाला. आत्याने सत्याचा झेंडा वगैरे काही उभारला नव्हता. तिची समजूतच अशी होती की, ज्याने डाग लिहून घेतला त्याने कपडाही घेतला. चाळीस वर्षे तिने दुसरे काही पाहिलेच नव्हते.

टायवाला आला तो मुद्दाम उदास चेहरा करून. "आत्यांना नाकारलं. बाकीच्यांचं मी कसंबसं सांभाळून घेतलं, नाहीतर अर्जच गेला होता."

"नाकारलं?" आत्या म्हणाली. "पण तिने लिहून घेतलं की सगळं."

"म्हणूनच नाकारलं, आत्या."

तिने पेन उचलून पुन्हा खाली ठेवले. तिच्या मुद्रेवर अपमान नव्हता, केवळ गोंधळ होता. "घ्यायचंच नव्हतं तर मग विचारलं कशाला?"

टायवाला धाकट्याकडे वळला. "एका अर्थी बरंच झालं बघा. हप्ता निम्म्याखाली आला. फायदाच आहे तुमचा."

फायदा! मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याला खरोखर तसे वाटत होते. त्याच्या मनात वाईट काहीही नव्हते, आणि माझ्या मते हीच त्यातील सर्वांत किळसवाणी गोष्ट होती.

धाकटीने गणकयंत्र पुढे घेतले. "आता वयाने मोठं कोण?" ती पुटपुटली, आणि तिने मान वर केली.

वयाने मोठा आता मी होतो. तिची नजर प्रथम माझ्या पांढऱ्या कल्ल्यांवर गेली, तेथून खांद्यांवर, तेथून माझ्या सुटलेल्या पोटावर. कॉलरपासून किनारीपर्यंत कपडा पाहावा तसे तिने मला पाहिले. आत्याकडूनच ती हे शिकली होती.

"समजा," ती टायवाल्याला हळू आवाजात म्हणाली, "दादा आणि वहिनी वेगळे ठेवले तर?"

"तर आणखी उतरेल!" टायवाला उत्साहाने म्हणाला.

"ठेव वेगळे," मी म्हणालो.

"दादा, तसं नाही, तसं कोण म्हणतंय," धाकटा घाईने म्हणाला. तो तसे म्हणाला, हे खरे. परंतु बेरजेचे शेवटचे बटण दाबून, आकडा पाहून झाल्यावर म्हणाला.

"ऐका," मी म्हणालो. "सोनेरी नको आणि हिरवीही नको. निळी घ्या. तुम्ही दोघं आणि पोरं. तुम्ही तरुण आहात, दोन-तीन वर्षं थांबणं तुम्हाला परवडेल. आम्हा दोघांना वगळा. सोनेरीसाठी म्हणून जे काढलं होतं त्यातलं उरेल ते आणि बॉयलरची पुंजी, मिळून आत्याचं ऑपरेशन करायचं. याच आठवड्यात. बॉयलर फुटला तर हाताने धुऊ."

"आणि तुम्हाला काही झालं तर?" धाकटीने विचारले.

"झालं तर होऊ दे," माझी पत्नी अभ्र्यावरून नजर न उचलता म्हणाली. "कागद होऊ देऊ नका म्हणजे झालं."

धाकटीचा चेहरा लालबुंद झाला. ती उठून आतल्या खोलीत गेली, आणि डाग काढण्याच्या दगडी मोरीपाशी तिचे हुंदके बराच वेळ ऐकू येत होते. तिला जाऊन समजवावे असे आम्हा कोणालाच वाटले नाही. शेवटी आत्याच गेली.

इस्पितळाच्या खिडकीशी बसलेल्या मनुष्याने मला पहिला प्रश्न केला तो आजाराचा नव्हे. "विमा आहे?"

"नाही."

त्याने समोरचा तक्ता उलटला आणि दुसऱ्या तक्त्यावरचा आकडा दाखवला. मी धास्तावलो होतो त्यापेक्षा तो बराच कमी होता. माझी नजर उलटलेल्या तक्त्याकडे गेली. "आणि असता तर?"

"असता तर हा." तो जवळजवळ दीडपट होता.

"खडे तेच? डॉक्टर तेच?"

"खाटसुद्धा तीच," तो म्हणाला. "काय आहे ना काका, कंपनी कापते म्हणून आम्ही चढवतो. आम्ही चढवतो म्हणून ती कापते. तुम्ही इथे सही करा."

हे त्याने हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले. मागल्या रांगेतील मनुष्य माझ्या खांद्यावरून वाकून आपल्या विम्याचे कार्ड पुढे करीत होता आणि ते कार्ड हाती असल्याबद्दल त्याच्या मुखावर समाधान होते. मी सही केली. उंबरठ्यावर पाय पडताच माणसाची किंमत दोन प्रकारे लावणारे हे घर, आणि आपण त्याचे आभार मानीत आत शिरतो आहोत.

वॉर्डात खाट मिळाली. आत्या खाटेवर बसेना. ती चादरीवर वाकली आणि तिने ती उशापासून पायथ्यापर्यंत न्याहाळली.

"नर्सबाई, इकडे या. इथे आयोडीनचा डाग आहे. इथे रक्ताचा, जुना, गरम पाण्यात घालून पक्का केलाय कुणीतरी. लिहून घ्या. मी आत्ता आलेय."

"आजी, झोपा हो. कोणी काही म्हणत नाही तुम्हाला."

"आता म्हणत नाहीत. आधी लिहा."

नर्स थकलेली होती. तिने माझ्याकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि तक्त्याच्या कोपऱ्यात खरोखरच दोन ओळी लिहिल्या. मग आत्या निर्धास्तपणे त्या डागांवर पाठ टेकून पहुडली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. घरी निघताना डॉक्टरांनी तिचे तिन्ही खडे एका लहान बाटलीत घालून दिले. तिने ती बाटली काउंटरवर, पेनाशेजारी ठेवली. धाकटा म्हणाला, गिऱ्हाइकांना किळस येईल. "येऊ दे," आत्या म्हणाली.

टायवाला पुन्हा एक कोट घेऊन आला तेव्हा त्याचा हात बाटलीला लागला. "हे काय? बटणं?"

"तुमच्या कंपनीला नको होते ते."

त्याने हात झटकन मागे घेतला आणि पँटला पुसला. परंतु दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे निघाले? अभिनंदन, आत्या! मग आता तुमची केस स्वच्छ झाली की! थोडे महिने जाऊ देत, तुमची वेगळी पॉलिसी बघतो मी. आता कंपनी का नाही घेणार?"

"आता घेतील?"

"आनंदाने!"

आत्याने थोडा विचार केला. "म्हणजे कपडा धुऊन आणला की मग धुवायला घेतात," ती म्हणाली.

मागे उभे असलेले गिऱ्हाईक खदखदून हसले. हिशेबाच्या जागेवर बसलेल्या धाकट्याने मान खाली घातली. मला वाटले होते, आता तरी टायवाल्याला काही वाटेल. परंतु सर्वांत मोठ्याने तोच हसला. हसता हसता त्याने बॅग उघडली, आणि त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात एक सोनेरी माहितीपत्रक ठेवले. त्यावरील म्हातारीही हसत होती.

आत्याने बाटली उचलून तिच्याखालची जागा फडक्याने पुसली, बाटली होती तेथे ठेवली, आणि टायवाल्याचा कोट आपल्याकडे ओढला.

"लिही रे मोठ्या," ती म्हणाली. "कॉलर."